हौदातले साठ उंदीर

कुरामोची सेन्सेईंच्या उंदरांना त्या वर्षी अक्कल आली, असं पेपरात छापून आलं. जपानातल्या एका बंदराच्या गावातला चार पानी पेपर तो. पहिल्या पानावर खेकड्यांचा हंगाम, दुसऱ्यावर सेन्सेई, म्हणजे प्राध्यापक कुरामोची. फोटोत सेन्सेई एका पांढऱ्या उंदराला तळहातावर घेऊन हसत होते. उंदीर काही हसत नव्हता. नोझुएबाईंनी चष्मा वर सरकवून फोटो बारकाईनं पाहिला आणि म्हणाल्या, हा आमच्या हौदातला नाहीच. हा मागच्या खोलीतला राखीव उंदीर. याला पोहता येतं की नाही हेसुद्धा आजवर कुणी विचारलेलं नाही.

नोझुए तोमिको त्या विद्यापीठाच्या प्राणिघरात एकतीस वर्षं उंदीर सांभाळत होत्या. साठाव्या वर्षी रीतसर निवृत्त झाल्या, फुलं मिळाली, भाषणं झाली, आणि दुसऱ्या दिवशी त्याच गमबुटांत पाय घालून त्याच पिंजऱ्यांसमोर उभ्या राहिल्या. तिकडे निवृत्त माणसाला एकेका वर्षाच्या करारावर पुन्हा ठेवून घेतात, पासष्टपर्यंत. त्या करारावर दर फेब्रुवारीत कुरामोची सेन्सेईंचा शिक्का लागायचा. शिक्का लागला तर आणखी एक वर्ष उंदीर, नाही लागला तर घर, आणि घरात चिटपाखरू नाही. बाईंना हे पक्कं ठाऊक होतं. बाईंना ते ठाऊक आहे, हे सेन्सेईंनाही ठाऊक होतं.

आता तो प्रयोग. बंदरातली एक कंपनी खोल समुद्रातलं पाणी उपसून त्यातून मॅग्नेशियमची पूड काढायची. पुडीनं स्मरणशक्ती वाढते असं कंपनीच्या मालकांना, म्हणजे हामाउझुंना, मनापासून वाटायचं, आणि सेन्सेईंना ते सिद्ध करून द्यायचं होतं. साठ उंदीर आणले. तिसांना पाण्यातून पूड, तिसांना साधं पाणी. दोन महिन्यांनी एकेकाला गोल हौदात सोडायचं. हौदातलं पाणी दुधाची पावडर कालवून पांढरं केलेलं, आणि पाण्याखाली बोटभर खोल एक फळी दडवलेली. उंदराला पोहायची हौस नसते. तो धडपडत फळी शोधतो आणि तिच्यावर चढून बसतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ज्याला फळीची जागा आठवते तो सरळ तिकडे पोहतो, ज्याला आठवत नाही तो भिंतीच्या कडेकडेनं फिरत राहतो. शेवटी सगळे मारले जातात, कारण मेंदू कापून बघायचा असतो. आठवलं म्हणून कुणाला सूट नसते.

पूड सुरू केल्यावर आठवड्यातच नोझुएबाई सेन्सेईंच्या दारात उभ्या राहिल्या.

"सेन्सेई, पुडीवाल्यांना जुलाब होताहेत."

"किरकोळ आहे ते. खनिज अंगात भिनायला वेळ लागतो."

"भिनतंय कुठलं? सगळं भुशात येतंय. दिवसातून दोनदा भुसा बदलतेय मी."

"नोझुएसान, विज्ञानाला थोडी घाण सोसावी लागते."

"विज्ञान कुठे सोसतंय? सोसतेय मी," बाई म्हणाल्या, आणि वाकून नमस्कार करून बाहेर पडल्या. इतका खाली वाकून त्या नमस्कार करायच्या तेव्हा समजायचं की आतून चांगल्याच भडकल्या आहेत.

त्यांना त्या पुडीचं कौतुक वाटत नव्हतं याला कारण होतं. त्यांची आई, फुसाआजी, एक्याण्णव वर्षांची, टेकडीवरच्या वृद्धाश्रमात होती. पोट साफ व्हावं म्हणून डॉक्टर गेली अकरा वर्षं तिला मॅग्नेशियमच्याच पांढऱ्या गोळ्या देत होते, दिवसाला तीन. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांना त्याच गोळ्या चालू होत्या. "पोट साफ होतं हो," बाई भुसा भरताना प्राणिघरातल्या इतरांना सांगायच्या. "आईचं डोकं त्याहून साफ झालंय. काही म्हणता काही शिल्लक नाही. त्या गोळ्यांनी आठवत असतं तर आमच्या आईनं मला माझा पहिलीतला डबासुद्धा सांगितला असता."

त्या दर रविवारी दुपारी आईकडे जायच्या. आई खिडकीपाशी खुर्चीत असायची.

"तू कोण गं?"

"मी उंदीर सांभाळते."

"अगंबाई. किती आहेत?"

आईनं उभा जन्म कोंबड्या पाळल्या होत्या. जनावर म्हटलं की तिचा पहिला प्रश्न तोच. सुरुवातीला बाई खरा आकडा सांगायच्या. मग पाच मिनिटांनी आई पुन्हा विचारायची, मग पुन्हा, आणि पुढे पुढे बाई तोंडाला येईल ते सांगू लागल्या. चाळीस. शंभर. एकदा सातशे म्हणाल्या तर आईनं डोळे मोठे केले आणि विचारलं, एवढ्यांना दाणा कोण घालतं? बाईंना त्या दिवशी फार हसू आलं होतं.

मे महिन्यात हौदाचं काम संपलं. नोंदी ठेवायला तेरुई नावाचा डॉक्टर होता, पस्तिशीचा, हुशार, आणि सेन्सेईंसमोर उभा राहिला की बुटांशी बोलणारा. हौदात उंदीर सोडणं आणि भिजलेला उंदीर टॉवेलनं पुसणं बाईंकडे. म्हणजे कुणाला फळी सापडते आणि कुणाला नाही हे कागदावर येण्याआधी बाईंच्या टॉवेलला कळायचं. पुडीवाल्या तिसांमधले अठरा सरळ पोहून जायचे. उरलेले बारा भिंतीकडेनं फिरत राहायचे, वेळ संपेपर्यंत, पहिल्या दिवशी तसे आणि दहाव्या दिवशीही तसेच. साध्या पाण्यावरच्यांचं चित्र काही वेगळं नव्हतं. काही शहाणे, काही ठोंबे. दोन्हीकडची सरासरी जवळपास सारखी आली. पूड घातली काय आणि नाही घातली काय, समुद्राचं पाणी समुद्रात ठेवलं असतं तरी चाललं असतं.

आणि तरी ऑक्टोबरच्या आधी शोधनिबंध छापून आला, त्यात पुडीवाले झपाझपा पोहत होते. बाईंनी तेरुईला जेवणाच्या सुट्टीत गाठलं. तो भाताचा गोळा खात होता.

"तेरुईसान, इथे उंदीर अठ्ठेचाळीस लिहिलेत. मी साठ पुसलेत."

"बारा वगळले," तो खाली बघत म्हणाला. "त्यांची तब्येत बरी नव्हती. जुलाब होते."

"जुलाब तिसांनाही होते. बदललाय मी भुसा."

"हो, पण..." तेरुईनं गोळ्याचा उरलेला घास तोंडात कोंबला. बोलावं लागू नये म्हणून माणसं काय काय खातात.

"कोणते बारा?" बाईंनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच शेपटांवरच्या शाईचे नंबर म्हणून दाखवले. तीन, सात, आठ, अकरा, चौदा, अशी यादी. कडेनं फिरणारे तेच बारा. "म्हणजे जो विसरला तो आजारी आणि ज्याला आठवलं तो धडधाकट. वा. असं असेल तर मीसुद्धा दोन दिवसांत चांगली डॉक्टर होते."

तेरुईनं मान हलवली, त्यात हो होतं की नाही कळलं नाही. त्याचाही करार वर्षावर्षाचा होता. बाईंना त्याची कीव आली आणि त्या कीवेचाच राग आला.

विद्यापीठाचा एक जुना रिवाज होता. प्राणिघराच्या मागे कंबरेएवढी एक शिळा उभी होती, आणि ऑक्टोबरात एका सकाळी सगळे काळे कपडे घालून तिच्यापुढे जमायचे. वर्षभरात प्रयोगात मेलेल्या जनावरांच्या आत्म्यांची क्षमा मागायची, आभार मानायचे, शेवंतीची पांढरी फुलं वाहायची. समोर ताटलीत गाजर, रताळं आणि उंदरांच्या खाण्याच्या गोळ्या. आधी प्रत्येक प्रयोगशाळेकडून एक चिठ्ठी जायची: जनावर कोणतं, किती. त्या चिठ्ठ्यांची यादी कचेरीत छापली जायची आणि पाळीनं एक प्राध्यापक ती शिळेसमोर मोठ्यानं वाचायचा. कुरामोची सेन्सेईंच्या प्रयोगशाळेची चिठ्ठी एकतीस वर्षं नोझुएबाईच भरत होत्या. आणि या वर्षी वाचायची पाळी कुरामोची सेन्सेईंची होती.

विधीच्या आधीच्या आठवड्यात सेन्सेईंनी त्यांना बोलावलं. स्वतः चहा ओतला. सेन्सेई चहा ओततात तेव्हा समोरच्यानं सावध व्हावं, हे बाईंना एकतीस वर्षांत कळलं होतं. टेबलावर कंपनीच्या पुड्यांचा खोका होता. सेन्सेई सकाळ-संध्याकाळ एक पुडी घ्यायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगायचे.

"नोझुएसान, चिठ्ठीवर यंदा अठ्ठेचाळीस लिहा."

"मेले साठ, सेन्सेई."

"बारा प्रयोगात नव्हते."

"मग कशात होते?"

"ते वगळले होते."

"मेल्यावर वगळले. मरताना होतेच की सगळ्यांबरोबर."

सेन्सेईंनी पुडी फोडून चहात टाकली आणि ढवळत बसले. "हे बघा, हामाउझुसान स्वतः येणार आहेत. पेपरवाले येणार आहेत. दोन ठिकाणी दोन आकडे बरे दिसत नाहीत. आणि तो विधी आहे हो, कुणी मोजायला बसत नाही."

"आत्मे बसतील," बाई म्हणाल्या.

सेन्सेई हसले. मग हसू आवरून खिडकीबाहेर बघत म्हणाले, "फेब्रुवारी जवळ येतोय. तुमच्या गुडघ्यांचं कसं आहे? या वयात उभं राहून काम म्हणजे त्रासच."

बाईंना इशारा कळला. गुडघे ठणठणीत होते. त्यांनी चहा न पिता नमस्कार केला, अगदी खाली वाकून, आणि प्राणिघरात येऊन धुतलेले पिंजरे पुन्हा धुतले.

त्या रविवारी आईनं नेहमीसारखं विचारलं, "तू कोण गं?"

"मी उंदीर सांभाळते."

"किती आहेत?"

"अठ्ठेचाळीस," बाई म्हणाल्या. त्यांना बघायचं होतं, तो आकडा तोंडातून कसा निघतो. सहज निघाला. चाळीस निघालं, शंभर निघालं, सातशे निघालं, तसाच. आई म्हणाली, "छान," आणि खिडकीबाहेरच्या पर्सिमनच्या झाडाकडे बघू लागली.

बाई तिथेच खुर्चीत बसून राहिल्या. जिला आठवत नाही तिला काहीही सांगितलं तरी चालतं, असं समजून त्या इतकी वर्षं स्वतःच्या आईला थापा मारत होत्या, आणि वर हसत होत्या. मेलेल्या उंदरांनाही काहीच आठवत नाही, म्हणून सेन्सेई निर्धास्त होते. सेन्सेईंना नावं ठेवायला तोंड कुठून आणलंस, तोमिको, असं त्यांनी स्वतःलाच विचारलं. त्यांना फार लाज वाटली.

सोमवारी सकाळी त्यांनी चिठ्ठी भरली. उंदीर, पांढरे. साठ. मग ती सेन्सेईंच्या शिक्क्यासाठी गेलेल्या कागदांत घातली, वरून तिसरी. लपवली नाही. सेन्सेई फोनवर पेपरवाल्याला सांगत होते की फोटो डाव्या बाजूनं घ्या. एका हातात फोन, दुसऱ्या हातात शिक्का, आणि कागद एकेक करून सरकत होते. कुरामोची सेन्सेईंनी शिक्का मारण्याआधी कागद वाचल्याचं एकतीस वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं. आपण सांगितलं म्हणजे झालं, अशी त्यांची समजूत होती, आणि ती चुकीची ठरावी असं तोवर कधी घडलंही नव्हतं. लाल गोल शिक्का साठच्या शेजारी छान उमटला. बाईंनी चिठ्ठी कचेरीत दिली.

विधीच्या सकाळी ऊन होतं. शिळेसमोर शंभरेक माणसं, काळे कोट, विद्यार्थ्यांचे उसने टाय. हामाउझु पुढच्या रांगेत, छोटेखानी, ऐंशीचे, जन्मभर बोटीच्या इंजिनांपाशी राहून कानानं अधू झालेले. हातात शोधनिबंधाची प्रत. ती त्यांना तोंडपाठ होती. बंदरातल्या प्रत्येक समारंभात ते त्यातले आकडे म्हणून दाखवायचे.

सेन्सेईंनी घडी घातलेली यादी उघडली आणि विधीसाठी राखून ठेवलेल्या खोल आवाजात वाचू लागले. अमक्या प्रयोगशाळेचे ससे, सोळा. तमक्या प्रयोगशाळेचे बेडूक, दोनशे दहा. मग स्वतःच्या प्रयोगशाळेचं नाव आलं, आवाज आणखी खोल गेला. "उंदीर, साठ."

त्यांना ते वाचून झाल्यावर कळलं. मान किंचित वर झाली, डोळे मागच्या रांगेत बाईंना शोधू लागले. पण शिळेसमोर वाचलेलं माघारी घेता येत नाही. त्यांनी पुढचे ससे वाचले, त्यापुढचे मासे वाचले, आणि सगळ्यांनी एक मिनिट माना खाली घातल्या.

फुलं वाहायची रांग लागली. हामाउझुंनी आपलं फूल ठेवलं, हात जोडले, आणि सेन्सेईंपाशी येऊन थांबले. कमी ऐकू येणारा माणूस हळू बोलतो तेव्हाही ते सगळ्यांना ऐकू जातं.

"सेन्सेई, साठ म्हणालात का? मी आपला सगळीकडे अठ्ठेचाळीस सांगतोय."

"हो, म्हणजे..."

"बारा वाढले. हे बारा कुठले?"

रांग थांबली. पेपरवाल्यानं कॅमेरा खाली घेतला. सेन्सेई यादीची पुन्हा घडी घालू लागले. खोटं बोलायला त्यांना एरवी शिळेची भीती वाटली नसती, पण समोर तेरुई होता, कचेरीचे लोक होते, आणि चिठ्ठीवर शिक्का त्यांचाच होता.

"नक्की... आठवत नाही," कुरामोची सेन्सेई म्हणाले.

हामाउझुंनी मान तिरकी केली, कानाला हात लावला, मग त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी सेन्सेईंच्या दंडावर थोपटलं. "असं व्हायला नको हो. आजपासून एक पुडी जास्त घ्या."

म्हाताऱ्याच्या मनात टोमणा नव्हता, त्याला खरंच काळजी वाटली होती. मागे कुणीतरी खोकल्यात हसू लपवलं.

नोझुएबाई रांगेत सहाव्या होत्या. हातातलं फूल त्यांनी खाली घेतलं. गप्प राहिल्या असत्या तर कदाचित सगळं कचेरीच्या चुकीवर ढकललं गेलं असतं, शिक्काही चुकून लागला असं ठरलं असतं, आणि फेब्रुवारीही निभावला असता. हे त्यांच्या ध्यानात आलं. तरी त्या बोलल्या, हामाउझुंना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

"मला आठवतंय. तीन, सात, आठ, अकरा, चौदा, सतरा, अठरा, एकवीस, बावीस, पंचवीस, सव्वीस, एकोणतीस. पुडीवालेच होते ते. त्यांना फळी सापडली नाही."

हामाउझु हातातल्या प्रतीकडे बघत राहिले, जशी ती आत्ताच कुणी हातात दिली असावी. बाई पुढे गेल्या, फूल ठेवलं, उंदरांच्या गोळ्यांची ताटली सरळ केली, नमस्कार केला. हा नमस्कार साधा होता, रागाचा नव्हता.

त्यानंतर त्या प्रकाराबद्दल कुणीही त्यांना एक शब्द बोललं नाही. तिकडे असंच असतं. ओरडून कुणी कुणाचा अपमान करत नाही. सेन्सेई जिन्यात भेटले की हवेबद्दल बोलायचे. जानेवारीत मासिकात दोन ओळींची दुरुस्ती आली, डोळ्यात तेल घालून शोधावी लागेल एवढ्या अक्षरात: बारा प्राणी पचनाच्या तक्रारीमुळे वगळण्यात आले होते. फेब्रुवारीत कचेरीतून पत्र आलं. बाईंच्या गुडघ्यांचा विचार करून करार पुढे न चालवण्याचा निर्णय जड अंतःकरणानं घेतला होता. खाली लाल गोल शिक्का. या वेळी मात्र कागद वाचला असावा, कारण शिक्का अगदी सरळ होता. शेवटच्या दिवशी तेरुई प्राणिघराच्या दारापर्यंत आला, गमबुटांची पिशवी त्यानं उचलून दिली, आणि "क्षमा करा" एवढंच बुटांना सांगून परत गेला.

पुडी बाजारात आली ती आलीच. खोक्यावर सेन्सेईंचा तोच हसरा फोटो, तळहातावर तोच राखीव उंदीर.

एप्रिलपासून बाई आईकडे रविवारच्या ऐवजी रोज जाऊ लागल्या. एके दुपारी आईच्या उशाशी तो खोका दिसला. कंपनीनं वृद्धाश्रमाला शंभर खोके भेट दिले होते, आणि हामाउझु स्वतः येऊन प्रत्येकाच्या हातात देऊन गेले होते.

"तू कोण गं?" आईनं विचारलं.

"मी उंदीर सांभाळायचे."

"अगंबाई. किती होते?"

"साठ."

आई खिडकीबाहेर बघू लागली. पर्सिमनला कोवळी पानं आली होती. थोड्या वेळानं तिनं मान वळवली. "किती म्हणालीस?"

"साठ."

परिचारिका आली, पुडी फोडून पाण्यात ढवळली आणि पेला आईच्या ओठांना लावला. आईनं शहाण्यासारखं सगळं पाणी पिऊन टाकलं. बाईंनी तिचं तोंड पुसलं, हौदातून काढलेल्या उंदराला पुसायच्या तितक्याच हलक्या हातानं. आईनं त्यांच्याकडे पाहिलं, आणि तिला काहीतरी विचारायचं होतं ते सुचलं.

"किती होते गं?"

"साठ होते, आई," बाई म्हणाल्या.